पिवळ्या बंगल्यातला पायलट

"वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा कुंपणापाशी या. बारवी रोडचा तो पिवळा बंगला आहे ना, त्यांचा धाकटा फ्लोरिडाला गेलाय. विमान शिकायला!"

"अगं बाई! मला वाटलं इंजिनिअरिंगला असेल. पण विमान आपल्याकडेही शिकवतात की. बारामतीला, गोंदियाला, धुळ्याला."

"शिकवतात हो, पण पावसाळ्याचं काय? ढग खाली आले, समोरचं दिसेना, की शिकाऊ पोराला कोण वर जाऊ देतंय! इकडे बारवी धरण काठोकाठ भरून दरवाजे आपोआप उघडतात, तोवर तिकडे ही पोरं हँगरच्या पायरीवर पत्ते कुटत बसतात. त्यात विमानं थोडी आणि पोरं फार. फ्लोरिडात पाऊस नाही असं नाही, पण उन्हाळ्यात गडगडाट दुपारनंतरचा. सकाळी उडायचं आणि जेवायच्या आत खाली यायचं."

"आणि पैसे?"

"पन्नास लाखांच्या घरात, असं त्याची आई म्हणते. वांगणीचा प्लॉट विकला. धरणाकडे फिरायला जाताना रोज भेटते ना मला, दुसरा विषयच नाही तिला. कमर्शियल लायसन्सला आपल्या विमान खात्याच्या, डीजीसीएच्या, नियमानं दोनशे तास लागतात. त्यातले शंभर विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवलेले. शिवाय एक खेप तीनशे नॉटिकल मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर झाले, आणि वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरायचं."

"पाठ झालंय की तुम्हाला!"

"मग काय! परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं विमान दाखवलं. चार सीटचं सेसना 172, एवढंसं. समोरच्या फळीवर काडेपेटीएवढी खिडकी आणि तिच्यात आकडे. त्याला हॉब्ज मीटर म्हणतात. इंजिन सुरू झालं की आकडा सरकायला लागतो, दर सहा मिनिटांनी एक घर. भाडं त्याच्यावर. धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत नुसतं उभं राहिलं तरी चालूच."

"म्हणजे रिक्षाचं वेटिंग! पण आमचे हे काय म्हणतात माहितीय? तास वहीतच लिहायचे, तर बघतंय कोण?"

"भाऊजींना सांगा, तसलेही झालेत. 2011 साली केवढा गवगवा झाला होता. खोट्या गुणपत्रिका, न उडालेले तास, अटका. पायलट लोक त्याला पार्कर अवर्स म्हणतात. विमान हँगरमध्ये आणि पेन हवेत! अशा माणसाच्या मागे आपण पट्टा बांधून बसायचं म्हणजे…"

"नको बाई."

"मला खटकलं ते वेगळंच. त्या लोकांनी आधी प्लॉट विकला आणि मग मुलाची मेडिकल केली. पायलटची क्लास वन मेडिकल म्हणजे डोळे, कान, ईसीजी, सगळंच. त्यात काही निघालं असतं तर? प्लॉट काय परत मिळणार होता? आणि नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स हे इथले पेपर अजून बाकीच आहेत. अमेरिकेचं लायसन्स खिशात घालून आला तरी ते पास झाल्याशिवाय आपलं लायसन्स मिळत नाही. पासिंग सत्तर टक्के! ते पेपर इथं बसून आधी उरकायचे, मेडिकल त्याच्याही आधी, आणि तिकीट सगळ्यात शेवटी."

"मग तिकडेच नोकरी करेल."

"कसली करतो! एक तर तिकडचा व्हिसा शिकण्यापुरता. वर 2013 पासून तिकडे विमान कंपनीत उजव्या खुर्चीवर बसायलाही साधारण पंधराशे तास लागतात. आपल्याकडे दोनशेवर को-पायलट होता येतं, म्हणून तर ही पोरं तिकडे तास भरतात आणि इकडे पळत येतात. इथं आल्यावर पुन्हा एअरबसचं टाइप रेटिंग, त्याचे लाख वेगळे. ते त्याच्या आईला कुणी सांगितलेलंच दिसत नाही."

"पण काही म्हणा, हिंमत लागते."

"ते आहेच. तो कांदिवलीचा अमोल यादव नाही का, अमेरिकेत शिकून आला, जेट एअरवेजमध्ये पायलट झाला आणि चारकोपला घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. 2016 ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं होतं. सौदामिनी देशमुख तर 1985 मध्येच कॅप्टन म्हणून सगळा क्रू बायकांचा असलेलं विमान घेऊन कलकत्त्याहून सिलचरला गेल्या. आणि आपल्याकडे बघा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथं जवळच नेवाळीला धावपट्टी केली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्या गेल्याच. 2017 ला त्याच जमिनींवरून रस्त्यावर जाळपोळ झाली. विमान एक नाही, भांडण मात्र अजून आहे."

"बरं, हा मुलगा परत कधी येतोय?"

"ते राहू द्या. आईनं स्थळं बघायला घेतलीत. बायोडेटावर नावाखाली 'पायलट' छापून मोकळी."

"तास किती झालेत?"

"ब्याऐंशी."

"अहो, मग अजून…"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणते, साखरपुड्यापर्यंत होतील की पूर्ण! आता रागावू नका वहिनी, तुमच्या भाचीचं नाव मी सुचवून ठेवलंय."