आयत्या वेळचे विषय

राज्याचे कायदे मुंबईत होतात आणि हिवाळ्यात नागपूरला होतात, अशी शाळेतल्या नागरिकशास्त्राची समजूत आहे. ज्याने सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट घेतला, त्याला ठाऊक असतं की आपलं खरं विधिमंडळ पार्किंगमध्ये भरतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, हात लागला की किंचाळणारा माइक आणि शेवटी समोसा-वेफर्स, एवढ्या भांडवलावर आमचं सभागृह चालतं.

कामकाज मात्र रीतसर. चौदा दिवस आधी नोटीस, विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असल्यामुळे गणपतीचा मांडव उतरला, की त्याच खुर्च्यांवर लोकशाही बसते.

गणपूर्तीच्या बाबतीत तर आम्ही विधानसभेपेक्षा कडक. तिथे राज्यघटनेप्रमाणे एक दशांश सदस्य लागतात, म्हणजे २८८ पैकी २९ आले की झालं. आमच्या उपविधींत दोन तृतीयांश किंवा २०, यांतला कमी तो आकडा. दहाच्या सभेला दहा वाजता सेक्रेटरी असतात आणि माइक लावायला त्यांचे चिरंजीव. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे नोटिशीतच छापलेलं असल्याने सगळे सुज्ञ सभासद साडेदहालाच उगवतात.

राज्यपालांनी काढलेल्या वटहुकमाला अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही, तर तो आपोआप संपतो. आमच्या सेक्रेटरींनी लिफ्टजवळच्या फळ्यावर लावलेला वटहुकूम कागद पिवळा पडून गळेपर्यंत अंमलात असतो. ‘कुत्र्यांना लिफ्टमधून नेऊ नये. आदेशावरून.’ खाली कोणीतरी पेनाने दुरुस्ती सुचवतं : ‘जोशींच्या नातवालाही.’

कागदोपत्री उपविधी बदलणं सोपं नाही. सभेत मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत, आणि १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे निबंधकांकडे नोंदणी झाल्याशिवाय दुरुस्ती लागूच होत नाही. म्हणून हुशार माणसं उपविधींच्या वाटेला जात नाहीत. ती वाट पाहतात विषयपत्रिकेतल्या शेवटच्या ओळीची : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’

तोवर पाणीगळतीवरून दोन मजल्यांचं भांडण होऊन गेलेलं असतं, अर्धी सभा जेवायला गेलेली असते आणि उरलेली समोशांकडे तोंड करून बसलेली असते. अशा मुहूर्तावर पाहुण्यांच्या गाड्या, गच्चीवरचे पापड आणि खिडकीतल्या कुंड्या यांचे निकाल लागतात. सोसायटीत शेजाऱ्याला लागू होतो तो कायदा आणि आपल्याला लागू होते ती मनमानी, हा भेद मला तेव्हाच कळला. कारण खिडकीतल्या कुंड्या माझ्या होत्या.

इतिवृत्त मागवून वाचलं. कुंडीबंदीचा ठराव सर्वानुमते मंजूर, आणि अनुमोदक म्हणून नाव माझंच! आता आठवतं, त्या वेळी मी हात वर केला होता खरा; दुसऱ्या समोशासाठी.

तेव्हा वाचकहो, यंदा सभेला शेवटच्या विषयापर्यंत बसा. आणि समोसा हवा असेल, तर तोंडाने मागा.