बदली आणि बदली रद्द

जीसीसी या कंपायलरची माहितीपुस्तिका टेक्सइन्फो या मार्कअपमध्ये लिहिली जाते. नोव्हेंबर 2022 मध्ये तिची स्फिंक्स या दुसऱ्या दस्तऐवज-प्रणालीकडे बदली झाली आणि आठवडा उलटायच्या आत बदली रद्द होऊन ती मूळ जागी पुन्हा रुजू झाली. उरलेल्या कामांची यादी आवरेना, असे कारण सांगण्यात आले. एवढ्या वेळात सरकारी फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावरही जात नाही.

टेक्सइन्फोत प्रत्येक आज्ञा @ या चिन्हाने सुरू होते. खुद्द @ छापायचे असेल तर ते दोनदा लिहावे लागते. संक्षेपानंतरचा पूर्णविराम हा वाक्याचा शेवट नव्हे, हेही त्याला वेगळी खूण करून सांगावे लागते. कंपायलरचा पर्याय, फाईलचे नाव, आज्ञा आणि कोडचा तुकडा या प्रत्येकासाठी स्वतंत्र खूण आहे. कोणती कुठे वापरावी यावर जाणकार तावातावाने भांडतात. टर्मिनलवर वाचायच्या इन्फो स्वरूपात मात्र या चौघांभोवती तेच एकेरी अवतरणचिन्ह दिसते. मॅन पेज, म्हणजे आज्ञेचे मदतपान, तयार करण्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. त्यात काय घ्यायचे ते टिप्पण्यांमध्ये लिहिलेले असते. टिप्पणी म्हणजे संगणकाने दुर्लक्ष करायचा मजकूर, असे मानणाऱ्या नवख्याने ती ‘साफसफाई’ म्हणून उडवली, तर मॅन पेजही तिच्याबरोबर साफ होते.

स्फिंक्स जन्मला पायथॉनच्या दस्तऐवजांसाठी, त्यामुळे समासाची शिस्त त्याच्या रक्तातच आहे. ओळीआधीची एक जागा कमी पडली की यादीतला मजकूर यादीबाहेर. एका बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे: साध्या मजकुरात शेजारी शेजारी आलेल्या दोन छोट्या रेघांची दोघेही एक लांब रेघ करतात. कंपायलरचे काही पर्याय नेमक्या अशाच दोन रेघांनी सुरू होतात. योग्य खूण करायची राहिली, तर पुस्तिकेतून उचललेला पर्याय कंपायलरलाच ओळखू येत नाही.

टेक्सइन्फोकडे परतल्यावर मधल्या दिवसांतल्या दुरुस्त्यांना पुन्हा @ चिकटवणे ओघानेच आले. त्यातही एकेक पर्याय तीन ठिकाणी नोंदवायचा: सारांशात, सविस्तर वर्णनात आणि सूचीत. एक जागा राहिली तरी पुस्तिका बिनतक्रार तयार होते, म्हणून चूक वर्षानुवर्षे टिकते. कंपायलर परक्यांच्या अर्धविरामासाठी ओरडतो. स्वतःच्या पुस्तिकेबाबत त्याला सोयरसुतक नाही.

रद्द झालेली बदली सर्वांना लागू नव्हती, हे सांगायला हवे. याच जीसीसीतल्या एडा भाषेच्या पुस्तिका स्फिंक्सच्याच पद्धतीने लिहिल्या जातात, मग त्यांचे टेक्सइन्फोत रूपांतर होते आणि तेही कोडच्या भांडारात जपून ठेवले जाते. सी प्लस प्लसच्या प्रमाण ग्रंथालयाची पुस्तिका तर डॉकबुक या तिसऱ्याच मार्कअपमध्ये आहे.