पिंगा आणि परवाना

सत्यघटनेवर बेतलेल्या चित्रपटाला नामांकन, म्हणजे पुरस्काराच्या अंतिम निवडीआधीच्या यादीत स्थान, मिळाले की समीक्षकांना इतिहासाचा जो अचानक पुळका येतो, त्याचा नमुना म्हणून संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' (२०१५) पाहण्याजोगा आहे. काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र 'पिंगा' घालायला लावल्याबद्दल पेशव्यांच्या वंशजांपासून समीक्षकांपर्यंत अनेकांनी नाके मुरडली. पण चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या कादंबरीवर आधारलेला असल्याने, श्रेय इतिहासाचे आणि दोष कादंबरीचा, अशी सोयीची वाटणी आधीच झालेली होती. (कलात्मक स्वातंत्र्य, अर्थात कथेसाठी तपशील वाकवण्याची मुभा, फिल्मफेअरची बाहुली हाती आल्यावर आपोआप रुंदावते, असे दिसते.) बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी जिथे वारले, त्या निमाडातल्या नर्मदाकाठच्या रावेरखेडीला या वादात कोणी विचारले नाही. पडद्यावरचा पेशवा मात्र तापाच्या भ्रमात पाण्यावर तलवार चालवत कोसळतो, आणि पिंग्यातल्या साड्यांची जितकी चिकित्सा झाली, तितकी त्या पाण्यातल्या लढाईची काही झाली नाही.