वीस ग्रॅमवाले गृहस्थ

शेवेच्या पाकिटाच्या पाठीवर एक गृहस्थ राहतात. ते एका वेळी २० ग्रॅम शेव खातात. एकविसावा ग्रॅम नाही. उरलेल्या १८० ग्रॅमच्या पाकिटाला रबर लावून ते फडताळात ठेवतात आणि मॅच बघायला बसतात. मॅच सुपर ओव्हरमध्ये गेली तरी फडताळाकडे फिरकत नाहीत. त्यांना कोणी पाहिलेलं नाही. पण पाकिटावरचा सगळा हिशेब त्यांच्याच तोंडाकडे बघून केलेला असतो. त्यांच्या या माफक खाण्याला 'सर्व्हिंग' म्हणतात, आणि ते किती ग्रॅमचं हे शेव विकणारी कंपनीच ठरवते.

समजा, पाठीवर छापलंय: एका सर्व्हिंगमध्ये दिवसाच्या ८ टक्के सोडियम. आठच टक्के! वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि शेव वाटीत. पण आपल्याकडे पाकीट फोडतात ते संपवायला. २०० ग्रॅमचं पाकीट म्हणजे दहा सर्व्हिंग, म्हणजे ८० टक्के. दिवसाचं सोडियम धरलंय २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. त्यातलं ४ ग्रॅम टॉसपासून पॉवरप्लेपर्यंत पोटात गेलं. आता उरलेल्या एका ग्रॅमात दोन वेळची आमटी, लोणचं, पापड आणि पानाच्या डाव्या बाजूचं मीठ बसवून दाखवा.

शिवाय हे टक्के काढताना दिवसाला २००० कॅलरी खाणारा माणूस धरलेला असतो. पोती वाहणारा माथाडी, खुर्चीला चिकटलेला आयटीवाला आणि गुडघे धरून बसलेली आजी, सगळे त्याच मापात. समता म्हणतात ती हीच.

म्हणून टक्के बाजूला ठेवून '१०० ग्रॅममागे' हा रकाना बघावा. दोन पाकिटांत डावंउजवं तिथेच कळतं. फक्त तो रकाना सापडला पाहिजे. तो पाकिटाच्या शिवणीत, चुण्यांच्या आत, नारिंगीवर पिवळ्या अक्षरांत मुक्कामाला असतो. पुढच्या बाजूला मात्र हिरवंगार शेत, हसरी आजी आणि हातभर अक्षरांत 'मल्टिग्रेन'.

घटकांची यादी त्यातल्या त्यात खरं बोलते, कारण जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा नियमच आहे. मल्टिग्रेन बिस्किटाच्या यादीत बहुधा पहिला येतो मैदा; नाचणी आणि ओट्स हजेरीपुरते, शेवटच्या बाकावर. साखरेने या नियमालाही तोड काढली. एकत्र कुटुंबाने रेशनकार्डं वेगळी करावीत तशी ती साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशा नावांनी यादीभर पांगते. पहिला नंबर कोणाचाच नाही. चूल मात्र एकच.

तेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहिलेलं असतं. शेंगदाण्यात, करडईत ते कधीच नव्हतं. जे नव्हतं ते नसल्याचं श्रेय घेणं राजकारणातही चालतं, मग तेलाने काय घोडं मारलंय?

सरकार झोपलेलं नाही हो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं, बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण असं सदर अन्नाच्या कायद्यातच नाही. जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बजावलं, आटवलेल्या रसात पाणी घालून '१०० टक्के फळांचा रस' म्हणू नका. पाणी घालण्याला बंदी नव्हती, टक्केवारीला होती.

आता राहिला इशारा. चिलीमध्ये २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोन छापतात: साखर जास्त, मीठ जास्त. चष्मा घरी विसरला तरी दिसतात. आपल्याकडे असं काही छापण्याचा विचार वर्षानुवर्षं चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घातली. ती नंतर वाढवून द्यावी लागली. विचार नीट व्हायचा तर वेळ लागणारच.

त्याआधी, २०२२ मध्ये, प्राधिकरणाने एक देशी तोडगा मांडला होता: काळा डाग नको, तारे देऊ. उत्तम पदार्थाला पाच, आणि सगळ्यात वाईटाला? अर्धा. शून्य कोणालाच नाही, म्हणजे नापासाचा प्रश्नच मिटला. तसं झालंच, तर आमच्या शेवेला अर्धा तारा नक्की. मग पुढच्या दिवाळीला दर्शनी भागावर, शेत आणि आजीच्या मधोमध, सोनेरी अक्षरांत 'सरकारमान्य तारांकित शेव' वाचायला मिळेल, आणि वीस ग्रॅमवाले गृहस्थ सोडून सगळे दोन-दोन पाकिटं नेतील.