हार्मोनवरच गुन्हा दाखल करा!

हल्ली भांडणाला कारण लागत नाही, हार्मोन पुरतं. धुऱ्यावरून भावकीत काठ्या चालल्या? हार्मोन. चौकात गाडीला गाडी घासली आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला? हार्मोन. घरात ताट भिरकावलं? तेही तेच. तेव्हा नांदेड-लातूरच्या पोलीस ठाण्यांना आमची नम्र सूचना: यापुढे एफआयआरमध्ये आरोपी क्रमांक एक म्हणून टेस्टोस्टेरॉनचं नाव घाला. शोधपथकाचा खर्च वाचेल. आरोपी घटनास्थळ सोडून जातच नाही.

पुरावाही भक्कम आहे. नरात हे हार्मोन मुख्यतः वृषणांत बनतं. लाल कंधारी असो की देवणी, गोऱ्हा शिंगं रोखू लागला की शेतकरी चिमटा लावून त्याचं खच्चीकरण करून घेतो आणि पुढं ती स्वारी मुकाट औत ओढते. जर्मनीत बर्थोल्ड या शास्त्रज्ञानं १८४९ साली कोंबड्यांवर हेच पाहिलं. वृषणं काढलेले थंडावले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं, ते आरवले आणि झुंजलेही.

पण माणसाच्या खटल्यात पहिलाच साक्षीदार फितूर झाला. २०१० साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापून आला. काही स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन, तर काहींना नुसतीच दिखाऊ मात्रा देऊन पैशांची वाटणी करायला लावली. ज्यांना खरंच दिलं, त्यांनी समोरच्याला जास्त रास्त वाटा देऊ केला. ‘आपल्याला दिलंय’ असं ज्यांना नुसतं वाटलं, त्यांनी हात आखडला!

दुसरा साक्षीदार लातूर. मार्च २०१६ मध्ये, दुष्काळात, पाणी भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होतील म्हणून प्रशासनानं कलम १४४ खाली जमावबंदी लावली. रांगेत घागरी घेऊन बायाही होत्या, ज्यांच्या अंगात हे हार्मोन पुरुषांच्या मानानं नावापुरतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. कलम १४४ लावताना कुणी कुणाचं रक्त तपासलं नव्हतं. कोरडी टाकी पाहून ते लावलं होतं.

आता शेवटचा पुरावा. चौकात बाह्या सरसावणारा गडी साहेबांची गाडी दिसताच हात जोडून कडेला उभा राहतो. एवढ्यात रक्तातलं हार्मोन उतरलं म्हणता? ते तिथंच असतं. फक्त कुणावर हात उचलायचा आणि कुणापुढं जोडायचा, हे गड्याला पक्कं ठाऊक असतं.

सबब, आरोपी क्रमांक एक निर्दोष. गुन्हा हात उचलणाऱ्यावर नोंदवा, आणि टाकीत वेळेवर पाणी सोडा.