ओर्चा खोऱ्यातील जकात

डोंगरमाथ्यावर गाव वसविण्यामागे पूर्वीच्या माणसांचा मुख्य उद्देश एकच असे, तो म्हणजे इतरांनी तेथे येऊ नये. शत्रूची फौज असो, लुटारूंची टोळी असो की वसुलीस निघालेला एखादा सरकारी कामगार असो, त्याला वेशीपर्यंत पोचताना धाप लागावी आणि धाप लागलेल्या मनुष्याशी वाटाघाटी करणे सोपे जावे, एवढ्यासाठी या लोकांनी नदी, शेत आणि रस्ता खाली ठेवून आपण वर जाऊन राहण्याची गैरसोय पिढ्यान्‌पिढ्या सोसली. इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेस, ओर्चा नावाच्या एका बेताच्या नदीचे खोरे आहे. त्यातल्या आणि त्याच्या काठच्या जवळजवळ प्रत्येक नामांकित टेकडीवर असे एकेक गाव तटबंदी आवळून बसलेले आहे. फौजांच्या बाबतीत ही योजना कधी यशस्वी झाली, कधी फसली. प्रवाशांच्या बाबतीत मात्र ती साफ कोसळली आहे. त्यात २००४ साली युनेस्कोने सारे खोरेच जागतिक वारशाच्या यादीत घातल्यामुळे, येऊ नका म्हणून बांधलेल्या भिंती पाहण्यासाठीच आता माणसे येतात.

आम्हीही त्यांपैकीच. आम्ही म्हणजे मी, सौभाग्यवती, तिचे वडीलबंधू आणि मिलानला नोकरीस असलेले त्यांचे चिरंजीव. चिरंजीव गाडी हाकीत होते. आमचे मेहुणे सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले असून, जगातील यच्चयावत बांधकामांची तपासणी करण्याचा अधिकार निवृत्तीबरोबर संपतो ही गोष्ट त्यांना अद्याप कोणी कळविलेली नाही. सौभाग्यवतींकडे खजिना आणि आरोग्य ही दोन्ही खाती होती. माझ्याकडे निसर्गसौंदर्य होते.

या खोऱ्यातील निसर्गसौंदर्याचे काम पाहणे वाटते तितके सोपे नाही, कारण त्यातील निसर्गाचा वाटा फारच थोडा आहे. मुळात ही जमीन भुरकट, चिकट मातीची, पावसात वाहून जाणारी आणि उन्हात भेगाळणारी. तिच्यावर गव्हाची ती मऊ हिरवी उतरंड, माथ्यावर एकच शेतघर आणि त्याच्याकडे जाणारी सुरूंची दुहेरी रांग असा जो देखावा दिनदर्शिकांवरून जगभर पोचला आहे, तो माणसांनी कष्ट करून, आणि पुष्कळ वेळा कर्ज काढून, रचलेला आहे. ला फोचे येथील सुरूंनी कडेला धरलेला नागमोडी रस्ता तर अगदी अलीकडचा. १९२४ च्या सुमारास आयरिस ओरीगो ही लेखिका आणि तिचे यजमान यांनी तेथील उजाड जहागीर विकत घेऊन जमीन सुधारण्याचे जे काम हाती घेतले, त्याच खटाटोपात तो जन्माला आला. मी त्या वळणांकडे पाहून भारावून जाण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात मेहुण्यांनी गाडी थांबवावयास लावली, डोळे बारीक करून उताराचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "दाजी, एवढी वळणं लागतच नव्हती. दोन वळणांत काम झालं असतं. मोजमाप वाढवलंय."

या मुलखातील रस्ते फार जुने आहेत. इंग्लंडातील कँटरबरीहून रोमला जाणारा यात्रेकरूंचा मार्ग, व्हिया फ्रान्चिजेना, याच खोऱ्यातून जात असे. ९९० साली सिगेरिक नावाचे कँटरबरीचे मुख्य धर्माधिकारी पोपच्या हातून आपल्या पदाची वस्त्रे घेण्यासाठी रोमला गेले आणि परतीच्या वाटेवरील मुक्कामांची संगतवार यादी त्यांनी मागे ठेवली. तिच्यात येथील सान क्विरिको हे गाव आहे. इतिहासकार या यादीला अमोल मानतात. मेहुण्यांच्या मते इतकी काटेकोर यादी मनुष्य केवळ प्रवासभत्त्याच्या बिलासाठी करतो. ते काही असो, शेकडो वर्षे या वाटेने श्रद्धाळू, व्यापारी आणि राजदूत जात राहिले, आणि वरच्या गावांतील मंडळींच्या लवकरच ध्यानात आले की शत्रूला वर येऊ न देणे हा टेकडीचा एक उपयोग झाला. खालून जाणाऱ्याकडून काहीतरी वसूल करणे हा दुसरा, आणि अधिक किफायतशीर.

ही वसुली आजतागायत चालू आहे. फक्त तिचे स्वरूप सभ्य झाले आहे. गावाच्या वेशीवर पूर्वी भालदार असत, तेथे आता खांबावर कॅमेरा असतो. रहिवाशांखेरीज इतरांची गाडी आत शिरली की तो काही बोलत नाही, अडवीत नाही, नुसते पाहून ठेवतो, आणि मग प्रवासाच्या गोड आठवणी अंगवळणी पडल्यावर काही महिन्यांनी घरी दंडाची नोटीस येते. भाच्याला अशी नोटीस पूर्वी आलेली असल्यामुळे (गावाचे नाव घेत नाही, पुन्हा जायचे आहे) तो गाडी तटबंदीपासून इतक्या आदरपूर्वक अंतरावर लावी की उरलेला चढ आम्हांला मध्ययुगीन पद्धतीनेच चढावा लागे. उपाहारगृहात शिरावे, तर खाण्याच्या किमतीखेरीज नुसते टेबलाशी बसल्याबद्दल माणशी एक रक्कम बिलात निराळी पडते. तिला कोपेर्तो म्हणतात. सौभाग्यवतींनी तिचे पहिल्याच दिवशी 'बूडभाडे' असे नामकरण केले आणि पुढे शक्य तेथे उभ्यानेच कॉफी घेण्याचा हुकूम काढला.

पिएन्झा हे या साऱ्या गावांत मला सर्वांत आवडले. मेहुण्यांना ते तीर्थक्षेत्रच वाटले. मूळचे हे कोर्सिन्यानो नावाचे खेडे. तेथे १४०५ साली एनेया सिल्व्हियो पिक्कोलोमिनी नावाचा मुलगा जन्मला. घराणे मोठे, पण दिवस पडते. हा गृहस्थ पुढे कवी झाला, मुत्सद्दी झाला, सम्राटाच्या दप्तरात चिटणीस झाला, ऐन उमेदीत त्याने एक चांगलीच शृंगारिक कादंबरी लिहिली, आणि १४५८ साली दुसरा पायस या नावाने पोप झाला. मनुष्य मोठ्या पदावर चढला की त्याच्या जन्मगावी पक्की सडक आणि एखादी पाण्याची टाकी होते, हा अनुभव आपल्याकडेही आहे. पायसने मात्र गावच नवे करावयास घेतले. फ्लॉरेन्सच्या बेर्नार्दो रोस्सेल्लीनो या वास्तुशिल्पकाराला मक्ता दिला आणि १४५९ पासून अवघ्या तीन वर्षांत चौक, कॅथीड्रल, स्वतःचा प्रासाद, धर्माधिकाऱ्याचा वाडा आणि नगरगृह असा संच उभा करून १४६२ मध्ये गावाला आपल्या नावावरून पिएन्झा हे नवे नाव दिले.

पण मेहुण्यांचे डोळे ज्या प्रसंगाने पाणावले तो पुढचाच. काम पुरे होईपर्यंत खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला होता, आणि निष्काळजीपणा, अपहार, हिशेबातील गोंधळ अशा तक्रारी पोपच्या कानांवर रीतसर पोचल्या होत्या. पायसने रोस्सेल्लीनोला बोलावून घेतले. तो बिचारा निलंबनाच्या तयारीने आला. पोपने हसून सांगितले की, तू खर्चाबद्दल खोटे बोललास ते बरेच केलेस, खरा आकडा सांगितला असतास तर ही कामे मंजूरच झाली नसती. आणि मग त्याचे सारे देणे चुकते करून वर शंभर दुकातांची बक्षिसी व किरमिजी रंगाचे वस्त्र दिले. ही हकीकत पोपने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. भाचा ती सांगत असताना मेहुणे चौकाच्या मधोमध अगदी निःशब्द उभे होते. "किरमिजी वस्त्र!" एवढेच ते शेवटी म्हणाले. "आणि आमच्याकडे पेन्शन दोन वर्षं अडवून ठेवतात."

कॅथीड्रलमध्ये शिरल्यावर त्यांचा व्यवसायधर्म जागा झाला. पायसला जर्मन मुलखात पाहिलेली उंच, उजेडाने भरलेली चर्चे फार आवडली होती. तशा मोठ्या खिडक्यांतून ऊन यावे म्हणून इमारतीचे मागचे टोक सरळ टेकडीच्या कडेवर नेऊन ठेवले, आणि कडेची जमीन ठिसूळ. परिणामी तो भाग तेव्हापासून हळूहळू दरीच्या दिशेने निघाला आहे. भिंतींत भेगा आहेत; फरशीचा उतार चालताना पावलांना कळतो. मेहुण्यांनी पावलांवर विसंबून न राहता कोटाच्या खिशातून एक सुपारी काढली. विमानतळावर अडकित्ता जप्त झाल्यामुळे त्यांच्याजवळच्या सुपाऱ्या अख्ख्याच राहिल्या होत्या. ती त्यांनी वेदीच्या बाजूला फरशीवर अलगद ठेवली. सुपारी क्षणभर विचारात पडली, मग एका अंगाला कलली, आणि पाहता पाहता गती घेत, एका जोडावर किंचित उडी मारून, कोपऱ्यात हात बांधून बसलेल्या वयस्क रखवालदाराच्या बुटाशी जाऊन थांबली. त्याने ती उचलली, प्रकाशात धरून पाहिली, नाकाशी नेली आणि काही न बोलता भेगेकडे बोट दाखवून खांदे उडवले. खातेप्रमुखाच्या बैठकीतसुद्धा मेहुण्यांना इतकी समज कोणी दाखविली नसेल. दोघांनी हस्तांदोलन केले. सुपारी रखवालदाराने ठेवून घेतली.

याच इमारतीबाबत पायसने १४६२ मध्ये मनाईचे फर्मान काढले होते. भिंतींचा आणि खांबांचा पांढरेपणा कोणी बिघडवू नये, चित्रे रंगवू नयेत, फलक टांगू नयेत, नवी वेदी वाढवू नये. करील तो धर्मबहिष्कृत. फर्मान पाळले गेले आहे. आपल्याकडील एखाद्या देवळाला असा पोप मिळता तर तेथील निम्म्या तैलरंगी देणगीदारांच्या नावांची आणि घड्याळांची गय झाली नसती. पायस स्वतः दोनच वर्षांनी, धर्मयुद्धाच्या आरमाराची वाट पाहत, आंकोना बंदरात वारला.

पिएन्झाचे उरलेले वैभव म्हणजे मेंढीच्या दुधाचे चीज. रस्त्याला लागून एकामागून एक दुकाने, आत फळ्यांवर चाकांसारख्या वड्या: काही राखेत घोळलेल्या, काही अक्रोडाच्या पानांत मुरविलेल्या. सौभाग्यवतींनी दारातूनच पदर नाकाला लावला. मेहुणे नमुन्याचे तुकडे चाखत चाखत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि शास्त्रोक्त तुलनेसाठी परत आले.

मोंताल्चीनोविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथील प्रसिद्धी ब्रुनेल्लो या दारूची आहे आणि आमच्या मंडळातील खजिना खात्याने तिच्या चौकशीस मंजुरी दिली नाही. मात्र या गावाने एक अपूर्व गोष्ट केली आहे. १५५५ मध्ये सिएना शहर शत्रूच्या हाती पडले, तेव्हा तेथील स्वाभिमानी मंडळी बाडबिस्तरा आवरून या टेकडीवर आली आणि शहर नसलेले सिएनाचे प्रजासत्ताक त्यांनी येथून चार वर्षे चालविले, नाणीसुद्धा पाडली. शेवटी १५५९ मध्ये मोठ्या सत्तांनी तह केला आणि कार्यालय बंद झाले. बान्यो व्हिन्योनी येथे गावाच्या मुख्य चौकाच्या जागी चौकच नाही, गरम पाण्याचे दगडी कुंड आहे. सिएनाची संत कॅथरीन आणि लोरेंझो दे मेदिची यांच्यासारखी माणसे या पाण्यासाठी येऊन गेली आहेत, आणि आता त्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. काठावर उभ्या राहून सौभाग्यवती म्हणाल्या, "यापेक्षा आमची वज्रेश्वरी बरी. निदान अंघोळ तरी होते."

मोंतेपुल्चानो खोऱ्याच्या पूर्वेच्या धारेपलीकडे पडते आणि तेथील रस्ता वेशीपासून वरच्या चौकापर्यंत एकसारखा चढत जातो. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आठ मोहल्ल्यांचे गडी ऐंशी किलोंची लाकडी पिंपे याच रस्त्याने ढकलीत वर नेण्याची शर्यत लावतात. आम्ही स्वतःलाच ढकलीत वर पोचलो. वरच्या कॅथीड्रलची दर्शनी बाजू संगमरवराविना, उघड्या विटांची, शतकानुशतके तशीच राहिली आहे. "अंतिम बिल मंजूर झालेलं नाही," मेहुण्यांनी निदान केले, आणि पोटावर हात ठेवून ते पायरीवर बसले. चीज मुरण्यास मुदत लागते असे म्हणतात. ते आता मुरले होते.

दुसऱ्या दिवशी रादिकोफानीस जाणे ठरलेलेच होते. खोऱ्याच्या दक्षिण टोकाला काळ्या खडकावर हा गड आहे, आणि तेराव्या शतकात तो घीनो दि ताक्को नावाच्या पुंडाने बळकावला होता. सरदार घराण्यातील हा मनुष्य रोमच्या वाटेवरील सावज हेरून त्याच्याकडून जकात घेई. दान्तेच्या काव्यात त्याचा उल्लेख आहे, आणि अलीकडे इटलीचे पंतप्रधान राहिलेले बेत्तीनो क्राक्सी वर्तमानपत्री लेखांखाली त्याचेच नाव घालीत, यावरून राज्यकारभारातील जाणकारांत त्याला किती मान आहे ते दिसते. त्याची सर्वांत नामी कथा बोकाच्चोच्या 'डेकामेरॉन'मध्ये आहे. क्लूनी येथील गडगंज मठाधिपती पोटाच्या विकारावर सिएनाजवळच्या गरम पाण्याचा उपाय करावयास निघाले असता घीनोने त्यांना पकडून गडावर कोंडले, आणि रोज भाजलेल्या पावाचे दोन तुकडे व एक पेला वेर्नाच्चा दारू यांपलीकडे काही दिले नाही. थोड्याच दिवसांत पोट बरे झाले. मठाधिपती इतके प्रसन्न झाले की आपला मुद्देमाल घीनोला ठेवून देऊन त्यांनी पुढे पोपशी त्याचा समेटही घडवून आणला.

गावात घीनोचा पुतळा आहे. त्याच्याजवळच्या उपाहारगृहात, बूडभाडे भरून, आम्ही मेहुण्यांना बसविले. भाच्याने ही कथा सांगितली ती बापाची करमणूक व्हावी या सद्‌हेतूने. पण आरोग्यखात्याने तिच्यातला वैद्यकीय भाग तेवढाच उचलला. "दादाला भाजलेला पाव. दुसरं काही नाही," सौभाग्यवतींनी हुकूम सोडला. मठाधिपतींना पावाबरोबर दारूही मिळत होती, ही गोष्ट मेहुण्यांनी क्षीण आवाजात निदर्शनास आणली, तेव्हा पिशवीतून ओव्याची पुडी निघाली. आम्ही तिघांनी लसणाच्या रश्शातील जाड शेवया मागविल्या. मेहुणे पाव चघळीत पुतळ्याकडे पाहत राहिले.

ओव्याने की भीतीने कोण जाणे, तासाभरात त्यांना उतार पडला. मग कथेस धरून, कोणी न मागता, त्यांनी आपल्या बॅगेतून मोज्यांखाली दडविलेली पिएन्झाची अडीच किलोंची चीजवडी काढून बहिणीपुढे ठेवली. सौभाग्यवतींनी ती वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत बांधली, वर दोर आवळला, किंमत विचारली, आणि ऐकल्यावर पुन्हा एकदा विचारली. "दादा," त्या म्हणाल्या, "मला तर तू याच्या निम्मी सांगितली होतीस." मेहुणे ताठ बसले. "खरी सांगितली असती," ते म्हणाले, "तर मंजूर झाली असती का?"