मेणाची कुपी आणि सकाळची रेस

"काय गं, सकाळी सकाळी कुणाशी शर्यत लावता? गाडी अजून फाटकात आणि इंजिन बोंबलतंय मिरजेपर्यंत. आमचे हे चहा सोडून गॅलरीत कान देऊन उभे. गॅरेज सोडून बरीच वर्षं झाली, पण कान अजून ड्युटीवर!"

"काकू, काय सांगू! ह्यांनी रविवारी बॉनेट उघडलं. व्हिडिओत कुणी अमेरिकन पोरगा म्हणाला, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत फिरणारं कूलंट बंद करा, हवा गार जाते, पिकअप वाढतो. झालं! दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडून टाकले."

"तरीच! अगं, कंपनीने ते पाइप हौसेनं नाही दिले. दमट हवा थ्रॉटलच्या झडपेच्या फटीतून वेगानं घुसते तेव्हा दाब पडून आणखी गार होते. बाहेर शून्याच्या आसपास थंडी असली तर झडपेच्या कडेला बर्फ धरतो, झडप अडकते. म्हणून ऐंशी-नव्वद अंशांचं कूलंट तिच्या अंगातून फिरवतात."

"पण सांगलीत कसला आलाय बर्फ?"

"तेवढं मात्र खरं हो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तर आपल्याकडे पेपरात फोटो येतो. पण फायदा किती ते विचार ना! गॅरेजची वही मी सांभाळायची, मला आकड्याशिवाय चैन पडत नाही. दीड लिटरचं इंजिन, 3000 आरपीएम, फुल रेस, म्हणजे सेकंदाला साधारण 37 लिटर हवा. थ्रॉटलचं भोक 50 मिलिमीटरचं, लांबी पाच-सहा सेंटिमीटर. हवा आत थांबते किती? सेकंदाच्या हजार भागांतले जेमतेम तीन! तापल्या तव्यावरून हात झपकन फिरवला तर भाजतो का? आणि हवा चांगली 3 अंशांनी गार झाली तर कुठं ताकद 1 टक्का वाढते. इथं तेवढीही मिळायची मारामार."

"मग रेस कशानं चढली?"

"मेणानं! हसतेस काय? जुन्या होंडांत, माझ्दा मियाटात, आणखीही बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल बॉडीला एक व्हॉल्व असतो, त्यात मेणाची कुपी. इंजिन गार असताना तो उघडा, जादा हवा आत, आयडलिंग चढं. कूलंट तापलं की मेण फुगतं आणि ती वाट बंद होते. तुमच्याही गाडीत तोच असणार. गरम पाणीच पोचेना, त्या बिचाऱ्याला वाटतं इंजिन अजून गारच आहे."

"मग त्या अमेरिकनाचं कसं चालतं?"

"त्याची गाडी वेगळी, तिच्यात ही कुपी नसेल. आमचा धाकटा मिशिगनला इंजिनांच्याच धंद्यात आहे, रोजची ही रेस ऐकून काल रात्री त्याला विचारलं, त्याला पाइपांचाच संशय."

"काकू! अमेरिकेपर्यंत पोचवलीत बातमी?"

"मग! तो म्हणाला, तिथंही हे सरसकट चालत नाही. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये जे एलएस1 इंजिन आलं, त्यात हेडमधली वाफ-हवा रेडिएटरकडे नेणारी नळीच थ्रॉटल बॉडीतून फिरवलीय. तिथं पाइप नुसता बुजवला तर वाफ हेडमध्येच कोंडणार. वळवला तरी पुढं जोडावाच लागतो. आपल्याकडचे मेस्त्री नाही का, 'ताई, आता गाडी तापणारच नाही' म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकतात? मग इंजिन धड तापत नाही आणि ॲव्हरेज जातं. त्याच जातीची अक्कल ही."

"म्हणजे बायपास कधी करूच नये?"

"थ्रॉटल बॉडी आतून कुजली, कूलंट हवेच्या वाटेत झिरपून सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला, तर नवा पार्ट येईपर्यंत करायचा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणाऱ्यांच्या गाड्या त्यासाठी यायच्या आमच्याकडे. रांगेनं!"

"आता काय करू?"

"होते तसे पाइप लावायला सांग. रबर चिरलं असेल तर नवे घ्या, क्लिपाही नव्या. आणि इंजिन पार थंड झाल्यावर हं, नाहीतर कॅप उघडताच उकळतं कूलंट तोंडावर. भरून झालं की हीटर फुल लावून हवा काढायची. आत हवा अडकली तर रेस तशीच राहील, आणि मग मेणाच्या नावानं बोटं मोडाल."

"पण हे ऐकतील का माझं?"

"तुझं कशाला? सांग, अमेरिकेतून निरोप आलाय."